इंग्लंडमधली जुनी मॉडर्निस्ट घरं: फोटो काढायला जायचं तर नेमकं काय काय करायचं

लंडनच्या लॉन रोडवरचे आयसोकॉन फ्लॅट्स, म्हणजे १९३४ ची एक मॉडर्निस्ट इमारत, बघायला मी पहिल्यांदा गेले ते जुलैमधल्या एका शनिवारी, भर दुपारी. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, डब्यात पोळीभाजी, सगळा जामानिमा. तिथे पोचले आणि बघते तर समोर झाडंच झाडं, फांद्यांमधून इकडे एक पांढरा तुकडा, तिकडे एक पांढरा तुकडा, वर आकाश दुधासारखं पांढरं, आणि खाली फुटपाथला लागून ओळीने गाड्या. साठ-सत्तर फोटो काढले, एकही धड नाही. नंतर तीच इमारत फेब्रुवारीत सकाळी बघितली तेव्हा कळलं की चूक कॅमेऱ्याची नव्हती, मी चुकीच्या महिन्यात चुकीच्या वेळी गेले होते. तेव्हापासून सहा-सात वर्षं हा नाद लागलाय आणि आता बरेच जण विचारतात की कुठे जायचं, काय लेन्स घ्यायची, लोक ओरडत नाहीत का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी कुठली घरं ते ठरवू

मॉडर्निस्ट म्हणजे साधारण १९२६ ते १९३९ मधली, सपाट गच्चीची, बिनसजावटीची, आडव्या पट्टीसारख्या खिडक्यांची घरं. आपल्याकडे मरीन ड्राइव्हच्या इमारती याच काळातल्या, पण ते आर्ट डेको, तिथे नक्षी असते, रंगीत पट्टे असतात. इंग्लंडच्या उपनगरांत गोल कोपऱ्याच्या लोखंडी खिडक्या लावलेली, पण वर कौलं असलेली घरं ढिगाने दिसतात, त्यांना ‘सनट्रॅप’ म्हणतात. ती पण गोड आहेत, पण आजचा विषय तो नाही.

यातलं पहिलं म्हणून ज्याचं नाव घेतात ते नॉर्थॅम्प्टनचं ‘न्यू वेज’, १९२६ चं. खेळण्यातल्या रेल्वे आणि मॉडेल्स बनवणारे बॅसेट-लोक म्हणून गृहस्थ होते, त्यांनी थेट जर्मनीतल्या पीटर बेहरेन्स या आर्किटेक्टकडून डिझाइन करून घेतलं. हे तेच बेहरेन्स, ज्यांच्या ऑफिसात ग्रोपियस, मीस आणि ल कॉर्ब्युझिए हे पुढचे तिन्ही दिग्गज आर्किटेक्ट तरुणपणी काम करून गेले. दाराच्या वर बाहेर आलेली त्रिकोणी काचेची खिडकी आहे, ती एक गोष्ट नीट आली तरी फोटो झाला समजा. घर खासगी आहे, रस्त्यावरूनच बघायचं. त्याच शहरात ७८ डर्नगेट आहे, बॅसेट-लोक यांचं आधीचं घर, १९१६-१७ मध्ये चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशने आतून बदललेलं, ते मात्र लोकांना बघायला खुलं असतं, म्हणून नॉर्थॅम्प्टनची चक्कर फुकट जात नाही.

दुसरं, अमरशॅमचं ‘हाय अँड ओव्हर’, १९२९ ते ३१. मालक बर्नार्ड अॅशमोल, पुरातत्त्वाचे प्राध्यापक, आणि आर्किटेक्ट अमायस कॉनेल, न्यूझीलंडचा तरुण. दोघांची ओळख रोममधल्या ब्रिटिश स्कूलमध्ये झाली होती. वरून बघितलं तर घर इंग्रजी वाय अक्षरासारखं, मध्ये षटकोनी प्रवेश-दालन आणि तीन दिशांना तीन पंख. जुन्या फोटोंत हे उघड्या बोडक्या टेकडीवर एकटं उभं दिसतं, आता भोवतीच्या जमिनीवर घरं झालीत, झाडं वाढलीत, त्यामुळे तो जुना फोटो तुम्हाला मिळणार नाही, ती आशा सोडूनच जा. त्याच उतारावर कॉनेल आणि बेसिल वॉर्ड यांची चार छोटी ‘सन हाउसेस’ आहेत, ती उलट जास्त सोपी जातात. (लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. म्हणजे आपली मंडळी इकडे मंडळ काढत होती तेव्हा हे घर जेमतेम वर्षाचं होतं. मला असल्या तारखा जुळवायची खोड आहे.)

तिसरं माझं आवडतं, एसेक्समधलं सिल्व्हर एंड. हे एक घर नाही, अख्खं गावच आहे. लोखंडी खिडक्या बनवणाऱ्या क्रिटॉल कंपनीने १९२६ पासून कामगारांसाठी वसवलं, पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून कारखाना काढला त्याच्याबरोबर. सिल्व्हर स्ट्रीटवर आर्किटेक्ट थॉमस टेटच्या हाताखालची सपाट गच्चीची पांढरी घरं ओळीने उभी आहेत. साधी कामगारांची घरं, पडदे, कुंड्या, सायकली, सगळं जिथल्या तिथे. सुरुवात करायची असेल तर मी सगळ्यांना इथेच पाठवते, कारण घरं रस्त्याला लागून आहेत, झुडपांच्या मागे लपलेली नाहीत, आणि एका सकाळी वीस घरं होतात.

बाकी लंडनमध्ये चेल्सीच्या ओल्ड चर्च स्ट्रीटवर ६४ आणि ६६ नंबर शेजारी-शेजारी आहेत, दोन्ही १९३५-३६ ची, एक मेंडेलसोन आणि चर्मायेफ यांचं, दुसरं ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांचं. हिटलरमुळे जर्मनी सोडून आलेले दोन दिग्गज एकाच गल्लीत, आणि दोघंही पुढे काही वर्षांत इंग्लंडही सोडून गेले. ६६ ला नंतर बाहेरून स्लेटसारख्या पाट्यांचं आवरण चढवलंय, त्यामुळे ‘पांढरं घर’ शोधत गेलात तर समोरून निघून जाल. हा फ्राय तोच, जो पुढे जेन ड्र्यूबरोबर चंदीगडला काम करायला आला. आणि हॅम्पस्टेडमध्ये तर चालत चालत चार-पाच होतात, त्याचा प्लॅन खाली देते.

यादी करायची असेल तर ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड’, म्हणजे संरक्षित (‘लिस्टेड’) इमारतींची अधिकृत यादी, ऑनलाइन फुकट शोधता येते. प्रत्येक नोंदीत घर कधीचं, कोणी बांधलं, कशाचं बांधलं, काय बदललं हे लिहिलेलं असतं. फोटो काढायच्या आधी ती नोंद वाचाच, कारण त्यात “मूळ खिडक्या शाबूत” किंवा “मागे नंतरची वाढीव खोली” असं काय काय असतं, आणि मग तिथे गेल्यावर कुठे बघायचं ते कळतं.

सूर्य कुठे असणार, हे घरी बसून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच गाळतात.

त्या काळात ऊन म्हणजे औषध होतं. क्षयाची भीती, कोळशाचा धूर, अंधारी व्हिक्टोरियन घरं, त्याला कंटाळून या लोकांनी मोठ्या खिडक्या आणि गच्च्या दक्षिणेला काढल्या. म्हणजे घराची खरी दर्शनी बाजू बागेकडे. रस्ता जर उत्तरेला असेल तर तुम्हाला रस्त्यावरून दिसते ती घराची पाठ, छोट्या खिडक्या, जिन्याची उभी काच, दार, गॅरेज. लोक म्हणतात घर फोटोत रुक्ष येतं. येणारच, तुम्ही पाठीचा फोटो काढताय.

आता आपल्या डोक्यात सूर्य म्हणजे डोक्यावर. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीसुद्धा तो ४७-४८ अंशांवर असतो. लंडनला जूनच्या भर दुपारी जेमतेम ६२ अंश, आणि डिसेंबरात १५. पंधरा म्हणजे किती, तर समोरच्या दुमजली घराची सावली तुमच्या घराच्या अर्ध्या भिंतीवर पडते. पण याचा एक मोठा फायदा आहे जो मला खूप उशिरा कळला. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणजे सकाळी साधारण सव्वाआठपर्यंत आणि संध्याकाळी पावणेसहानंतर उत्तरेच्या भिंतीवरसुद्धा ऊन येतं, आणि तेही तिरपं, भिंतीला घासून जाणारं, ज्यात गिलाव्याचा प्रत्येक खडबडीतपणा दिसतो. म्हणजे हिशोब असा: रस्त्याची बाजू उत्तरेला असेल तर मे अखेर ते जुलै, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. दक्षिणेला असेल तर झाडं बोडकी असतात तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, साधारण अकरा ते दोन. पूर्व-पश्चिम असेल तर मार्च आणि सप्टेंबर मला बरे वाटतात.

फोनवर सूर्याची दिशा दाखवणारी अॅप्स आहेत, नकाशावर घर ठेवायचं, तारीख बदलायची, रेषा कुठे जाते ते बघायचं. सोबत सॅटेलाइट फोटोत झाडं कुठे आहेत ते बघा आणि रस्त्यावरच्या फोटोंत कुंपण किती उंच आहे ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि रेल्वेचं महागडं तिकीट वाचतं.

अजून एक, हसू नका, कौन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) साइटवर त्या रस्त्याचा कचऱ्याचा वार बघा. त्या दिवशी प्रत्येक दारात हिरवे, निळे, काळे डबे असतात आणि पांढऱ्या घरासमोर ते इतके बोंबलतात की बाकी काही दिसत नाही. गाड्यांचं मात्र काही करता येत नाही. रविवारी सकाळी त्या हलत नाहीत, आठवड्याच्या दिवशी लोक कामाला गेल्यावर दहा-साडेदहाला थोड्या कमी होतात, आणि शाळेच्या सुट्ट्यांत अर्धा रस्ता मोकळा असतो.

सामान

कमी न्या. खांद्याला मोठी बॅग लावून तुम्ही कुणाच्या घरासमोर तासभर उभे राहिलात की तुम्ही एकतर इस्टेट एजंट वाटता नाहीतर चोर.

माझ्याकडे फुलफ्रेम कॅमेरा, एक २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स आणि एक जुनी सेकंडहँड २४ मिलिमीटरची शिफ्ट लेन्स आहे. शिफ्ट लेन्स म्हणजे कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते, त्यामुळे घर मागे पडल्यासारखं दिसत नाही. महाग प्रकरण आहे, आणि सुरुवातीला अजिबात गरज नाही. त्याऐवजी हे करा: कॅमेरा उभा धरा, पूर्ण लेव्हलमध्ये, ना वर ना खाली, आणि थोडं जास्त वाइड घ्या. फोटोत खालचा अर्धा भाग नुसता रस्ता येईल, येऊ दे, घरी जाऊन तो कापून टाका. हल्लीच्या चोवीस मेगापिक्सेलमध्ये कापून पण भरपूर उरतं. शिफ्ट लेन्स हेच करते, फक्त कापाकापी आधी करते.

फोनवाल्यांसाठी: ०.५ ची अल्ट्रावाइड वापरू नका, कडेच्या भिंती ताणल्यासारख्या येतात. साध्या १ वर ठेवून रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जा. ग्रिड आणि लेव्हल चालू करा.

पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) घ्या, पण आकाशासाठी नको. वाइड लेन्सवर तो लावला की आकाशाचा एक कोपरा गडद आणि बाकी फिकट असा डाग पडतो. काचेतलं प्रतिबिंब मारायला मात्र तो उत्तम, क्रिटॉलच्या खिडकीमागची खोली एकदम दिसायला लागते. अर्थात ती दाखवायची का, हा वेगळा प्रश्न. त्यावर पुढे येते.

ओळंबा आणि गिलावा

माझे बाबा आयुष्यभर सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते. आई-बाबा दोन वर्षांपूर्वी इकडे आले तेव्हा त्यांना किल्ले-राजवाडे दाखवून झाल्यावर मी सिल्व्हर एंडला नेलं. आईने पहिल्या दहा मिनिटांत गाडीत बसून घेतलं, बाबा मात्र प्रत्येक घराच्या कोपऱ्यापाशी थांबून बघत होते. मी काहीतरी काँक्रीटबद्दल बोलत होते तर म्हणाले, “अगं कसलं काँक्रीट, विटा आहेत आत. तडा बघ कसा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलाय.”

आणि खरंच आहे. दिसायला ही घरं अखंड काँक्रीटची, पण कितीतरी आतून विटांची आणि वरून गिलावा. ‘न्यू वेज’ पण विटांचंच आहे. ‘हाय अँड ओव्हर’ला सांगाडा काँक्रीटचा आणि मधे विटा. एसेक्सच्या किनाऱ्यावर फ्रिंटनला ऑलिव्हर हिलने १९३४ च्या सुमारास अख्खी मॉडर्निस्ट वसाहत आखली, पण स्थानिक गवंड्यांना काँक्रीटची सवय नव्हती, म्हणून तिथली बरीच घरं विटा-गिलाव्यावरच निघाली. हे कळलं की फोटो काढायची नजर बदलते. तडे, ओलीचे डाग, खिडकीखालची गंजाची ओघळ, गच्चीच्या कठड्याखालचं शेवाळ, हे सगळं त्या घराचं आत्ताचं रूप आहे. मी ते पुसत नाही. रंग ताजा दिलेलं घर छान दिसतं, पण ज्या भिंतीवर नव्वद पावसाळे दिसतात ती मला जास्त आवडते. (इकडे पावसाळा असा वेगळा नसतो, बारा महिने असतो, आणि अशा देशात सपाट गच्ची! बाबांचं याबद्दलचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.)

ओळंब्याचं म्हणाल तर गवंड्याच्या कामात जी किंमत ओळंब्याला तीच या फोटोंत उभ्या रेषेला. गॉथिक चर्च थोडं मागे झुकलं तर चालतं. या घरांत मात्र सगळा खेळच आडव्या-उभ्या रेषांचा आहे, एक अंश तिरकं झालं तरी लगेच खुपतं. ट्रायपॉडवर लावून एक उभी कड निवडा, शक्यतो दाराची चौकट, आणि ती फ्रेमच्या कडेशी समांतर आणा. मग आडवी बघा. समोरून काढणार असाल तर अगदी समोरून काढा, भिंतीशी काटकोनात, दोन पावलं इकडे-तिकडे झालं तर ना धड समोरचा ना धड कोपऱ्याचा असा फोटो येतो. कोपऱ्यातून काढणार असाल तर एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल अशी जागा शोधा, त्याशिवाय पांढऱ्या ठोकळ्याला खोली येत नाही.

घर उंचावर असेल तर अवघड जातं. हॅम्पस्टेडच्या फ्रॉगनल वेवरचं फ्रायचं ‘सन हाउस’, १९३५ चं, रस्त्यापासून वर उतारावर आहे. तिथे कॅमेरा सरळ ठेवला तर खालची भिंतच येते आणि वर केला तर घर मागे कलंडतं. शिफ्ट लेन्स नसेल तर शक्य तितकं मागे जा, उभा फोटो काढा आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा, पण शंभर टक्के नाही. नव्वद टक्क्यांवर थांबा, कारण खालून वर बघताना डोळ्याला थोडं कलणं अपेक्षितच असतं, पूर्ण सरळ केलं की घर वरून फुगल्यासारखं दिसतं.

पांढरं म्हणजे नेमकं कुठलं पांढरं

कॅमेऱ्याच्या मीटरला वाटतं जगात सगळं सरासरी राखाडी आहे. पांढरी भिंत दिसली की तो एक्स्पोजर कमी करतो आणि भिंत मळकट येते. ढगाळ दिवशी एक ते सव्वा स्टॉप वर घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कडक उन्हात आधी एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, तो उजव्या कडेला टेकलाय पण तिच्यावर चढला नाहीये इतपत. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पांढरं एकदा जळलं की गिलावा परत येत नाही, नुसता कागद दिसतो.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे पांढरं आकाश आणि पांढरं घर, आणि इंग्लंडमध्ये असे दिवस कमी नसतात. गच्चीची रेघच हरवते. अशा वेळी मी तीनपैकी एक करते. मागे झाड किंवा वीटकामाची भिंत येईल असा कोन शोधते. नाहीतर लांबचा फोटो सोडून तुकडे काढते, जिना, कठडा, दाराचं हँडल, खिडकीचा कोपरा, याला मऊ उजेड उलट चांगला. नाहीतर सरळ कॅफेत बसून संध्याकाळची वाट बघते. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली की आकाश निळं होतं, खिडक्यांत दिवे लागतात, आणि तेव्हा घर खरंच त्याच्या आर्किटेक्टने रंगवलेल्या चित्रासारखं दिसतं. पण ही वेळ दहा-पंधरा मिनिटांचीच, ट्रायपॉड आधी लावून ठेवा.

जुने काळे-पांढरे फोटो बघितले असतील तर त्यात आकाश जवळजवळ काळं आणि घर लख्ख असतं. त्या काळात ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ मासिकासाठी डेल आणि वेनराइट ही फोटोग्राफरांची जोडी काम करायची, मोठे प्लेट कॅमेरे, कडक ऊन, लाल फिल्टर. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, म्हणून निळं आकाश काळवंडतं. फिल्मवर करायचं असेल तर लाल फिल्टरला साधारण तीन स्टॉप जास्त द्यावे लागतात, म्हणजे १२५ च्या फिल्मवर ट्रायपॉड आलाच. डिजिटलवर रंगीत काढून नंतर काळं-पांढरं करताना निळ्याचा स्लायडर खाली ओढा, तेच होतं. फक्त लक्षात ठेवा, आकाश मुळात निळं पाहिजे. ढगाळ आकाशावर लाल फिल्टर लावून काही होत नाही, मी करून बघितलंय, दोन रोल वाया.

त्या फोटोंचा एक गंमतशीर दुष्परिणाम झाला. सगळ्या जगाला वाटलं ही घरं पांढरीशुभ्र होती. खरं तर कित्येकांना साय, बदामी, फिकट गुलाबी असे रंग होते. आयसोकॉनला पण हलकी गुलाबी झाक आहे, उन्हात नीट बघा. म्हणून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर सोडू नका, तो ती झाक खाऊन टाकतो आणि सावलीतली भिंत निळी करतो. ‘डेलाइट’वर लॉक करा, आणि शंका असेल तर राखाडी कार्ड धरून एक फोटो काढून ठेवा.

खिडक्या

खिडकीवर वेगळं लिहितेय कारण या घरांचा चेहरा म्हणजे खिडक्या. क्रिटॉलची पोलादी चौकट इतकी बारीक असते की लांबून पेन्सिलीची रेघ वाटते. मग पुढे कुणीतरी थंडी वाजते म्हणून प्लास्टिकच्या जाड चौकटी बसवल्या की घर चष्मा बदलल्यासारखं दिसतं. सिल्व्हर एंडला एकाच ओळीत दोन्ही बघायला मिळतात. ७० किंवा ८५ ची लेन्स लावून दोन्ही प्रकार एकाच अंतरावरून, एकाच उजेडात काढा, असा जोडीचा फोटो शंभर शब्दांचं काम करतो. कोपऱ्यात खांब नसलेली खिडकी दिसली तर ती कोपऱ्यातूनच काढा, आरपार आकाश दिसेल अशी, कारण कोपऱ्यातला आधार काढून टाकता येतो हे दाखवायलाच ती केलेली असते.

लोक राहतात तिथे

कायद्याचं आधी. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून घराचा फोटो काढायला बंदी नाही, आणि १९८८ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६२ व्या कलमात इमारतींचे फोटो काढले तर कॉपीराइटचा भंग होत नाही असं स्पष्ट आहे. पण ड्राइव्हवेवर पाऊल टाकलं की तुम्ही दुसऱ्याच्या जागेत. काही रस्तेही खासगी असतात, पाटी वाचा.

आता कायद्यापलीकडचं. कुंपणावरून काठीला कॅमेरा लावून आत डोकावणं मी करत नाही. माझ्या उंचीला जे दिसतं ते माझं, त्यावर जे आहे ते त्यांचं. ड्रोनचं पण तेच. खिडकीतून आतली माणसं, लहान मुलांची खेळणी, गाड्यांचे नंबर दिसत असतील तर तो फोटो ऑनलाइन टाकत नाही, किंवा नंबर पुसते.

बागेकडची बाजू हवी असेल तर एकच रस्ता आहे, चिठ्ठी. हाताने लिहिलेली, अर्ध्या पानाची: मी कोण, तुमचं घर का आवडतं, कुठल्या महिन्यात किती वेळ लागेल, फोटो कुठे दाखवणार, प्रिंट तुम्हाला देईन, आणि “नको असेल तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल”. हे शेवटचं वाक्य फार कामाचं. दारावरच्या पत्राच्या फटीतून टाकायची आणि निघायचं. मी आजवर अकरा टाकल्या, चार उत्तरं आली, त्यातली तीन हो. एका आजींनी चहा दिला, आणि मग छतावरचा ओलीचा नकाशा दाखवत प्रत्येक डाग कुठल्या वर्षीचा ते सांगितलं. तिथे काढलेला त्यांच्या दिवाणखान्याचा फोटो मी कुठेच टाकलेला नाही, त्यांनी तसं सांगितलं होतं.

आतून बघायचं असेल तर

हॅम्पस्टेडचं २ विलो रोड, आर्किटेक्ट एर्नो गोल्डफिंगरने १९३९ मध्ये स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलेलं, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ईशरजवळचं ‘द होमवुड’ पण त्यांच्याकडे, पॅट्रिक ग्विनने विशीतच आईवडिलांसाठी डिझाइन केलं, १९३८ मध्ये पूर्ण झालं, राहती जागा वरच्या मजल्यावर उचललेली. दोन्हीकडे मोजक्याच वेळा उघडं असतं आणि होमवुडला तर आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊच नका. आयसोकॉनच्या खाली जुन्या गॅरेजमध्ये छोटी गॅलरी आहे, साधारण मार्च ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी. सप्टेंबरमध्ये लंडनला ओपन हाउसचा उत्सव असतो, एरवी बंद असलेली दारं तेव्हा उघडतात.

आत फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही असंच धरून चला, आणि खोलीत जे स्वयंसेवक असतात त्यांना विचारून मगच कॅमेरा काढा. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवा, दाराच्या चौकटीला खांदा टेकवा, श्वास सोडून क्लिक. खिडकीच्या समोर उभं राहू नका, खिडकी बाजूला ठेवा. विलो रोडला एक खास गोष्ट आहे, मधल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीत आडवी फळीसारखी पट्टी आहे जी उजेड छताकडे फेकते, त्यामुळे खोलीच्या मागच्या टोकापर्यंत उजेड जातो. छतासकट फोटो काढलात तरच ते दिसतं. आणि खोलीतले पिवळे दिवे लागलेले असतील तर पांढऱ्या छतावर अर्धा पिवळा अर्धा निळा असा गोंधळ होतो, तो घरी निस्तरण्यापेक्षा तेवढा तुकडा फ्रेममधून गाळा.

हॅम्पस्टेडचा एक दिवस

मार्च अखेर किंवा ऑक्टोबर. सकाळी हॅम्पस्टेड हीथ स्टेशनला उतरा, विलो रोड पाच-सात मिनिटांवर. घराचं तोंड हीथ या मोठ्या मोकळ्या माळाकडे म्हणजे ईशान्येला, म्हणून बाहेरचा फोटो सकाळीच, नंतर ते सावलीत जातं. पहिल्यांदा बघाल तर वाटेल हे कुठलं मॉडर्निस्ट, समोर तर लाल विटा. आतला सांगाडा काँक्रीटचा आहे, म्हणूनच मधल्या मजल्यावर एवढी रुंद खिडकी सलग काढता आली. तिथून लॉन रोडला चालत पंधरा-वीस मिनिटं, वेल्स कोट्सचं आयसोकॉन, १९३४ चं, रस्त्याकडून लांबलचक गॅलऱ्या दिसतात, मुंबईच्या चाळीची आठवण हटकून येते, फक्त इकडे अगाथा ख्रिस्ती राहायची. जेवण बेल्साइझ पार्कला उरका. मग दुपारी वर चढून फ्रॉगनल, तिथे ६६ नंबर कॉनेल, वॉर्ड आणि लुकस यांचं, १९३८ चं, आणि वळून फ्रॉगनल वेला ‘सन हाउस’, ते दक्षिणेकडे तोंड करून आहे त्यामुळे दुपारी उजेड मिळतो. चढ बराच आहे, बूट चांगले घाला.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो उतरवा आणि प्रत्येकाला घराचं नाव, आर्किटेक्ट, वर्ष, तारीख, वेळ आणि तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होतात ते लिहा. “आयएमजी ४४७२” असं नाव ठेवलेला फोटो दोन वर्षांनी कुणाच्याही कामाचा नसतो, तुमच्याही नाही. खासगी घरांचं नेमकं लोकेशन फोटोतून काढून टाका. एडिटिंग कमी: आधी लेन्सचा बाक, मग उभ्या रेषा, मग पांढरा रंग, बास. वायर, डिश अँटेना, घंटी मी पुसत नाही.

ही यादी ठेवणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या ‘मिसिंग पीसेस’ प्रोजेक्टमध्ये लिस्टेड इमारतींच्या नोंदीला कुणीही फोटो जोडू शकतं. मोठ्या प्रसिद्ध घरांपेक्षा सिल्व्हर एंडसारखी साधी घरं आणि ज्यांचे फोटो दहा वर्षं जुने आहेत ती आधी टाका. व्हर्जिनिया वॉटरजवळ कॉनेल, वॉर्ड आणि लुकस यांचं ‘ग्रीनसाइड’ नावाचं १९३७ चं घर होतं, लिस्टेड असूनही २००३ मध्ये पाडलं. आता ते फोटोंतच आहे.

आणि ज्यांनी बागेत येऊ दिलं त्यांना प्रिंट पाठवायची विसरू नका. ए४ साइझ, मॅट कागद, मागे पुठ्ठा, पाकिटावर ‘डू नॉट बेंड’. याला साधा स्टॅम्प चालत नाही, लार्ज लेटरचा लागतो. माझी पहिली प्रिंट त्यामुळेच अडकली आणि आजींना पोस्टात जाऊन पैसे भरून सोडवून आणावी लागली.